कौतिकबाईची भूक

या, असे पुढं येऊन बसा. ही गोष्ट दाराशी उभं राहून ऐकण्याजोगी नाही. अर्धी ऐकून उठलात तर ती अर्धीच मनात कुजत राहील. गोष्ट भुकेची आहे. भूक लागली म्हणून घाबरलेली माणसं आपण पाहिली आहेत. या गोष्टीतली माणसं भूक येईना म्हणून घाबरली होती. सांगतो, जरा जवळ सरका.

त्या काळी तापीकाठच्या एका तालुक्यात सकाळी साडेअकराला एकशे बेचाळीस मुलांना एकाच क्षणी भूक लागत असे. कुणी शाळेत गणित सोडवत असे, कुणी केळीच्या बागेत बापाला डबा द्यायला गेलेली, कुणी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. सगळ्यांच्या पोटात एकच पीळ उठे, आणि त्यामागोमाग भाजल्या वांग्याची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची ओढ. ज्यांना वांगं आवडत नसे त्यांनाही. कारण ती भूक त्यांची नव्हतीच. ती होती कौतिकबाई चौधरींची.

या मुलांना जो आजार होता त्याला डॉक्टर 'अन्नभय' म्हणत. गाव मात्र बरीच वर्षं 'नखरे' म्हणत होतं. चांगलं हसतंखेळतं पोर एक दिवस भाकरीचा तुकडा बाजूला सारतं, मग अख्खी भाकरी, मग ताटच. आई रागावते, बाप शपथा घालतो, आजी दृष्ट काढते. पोराला खायचं नसतं असं नाही. ताट समोर आलं की आत कुणीतरी कडी लावून घेतं, आणि पोर दाराच्या बाहेर राहतं. मुलींना जास्त होई, पण त्या एकशे बेचाळिसांत अकरा मुलगेही होते. यावर उपचार होते. पण जाणकार डॉक्टर मोठ्या शहरात, तिथं नंबर लागायला आठ महिने, आणि पोराच्या हृदयाला तेवढा दम नसे.

डॉ. अन्वया नेहेते याच तालुक्यातल्या. त्यांनी 'क्षुधावाहिनी' उभी केली. पोटाकडून मेंदूकडे जाणारी एक लांब नस आपल्या सगळ्यांना असते. पोट रिकामं झालं की तिच्यातून निरोप जातो, जेवण झालं की तृप्तीचा निरोप जातो. अन्नभयात या निरोपावर मेंदूचा विश्वास उडतो. डॉक्टरांनी ठरवलं, स्वतःच्या पोटाचं ऐकत नसेल तर दुसऱ्याच्या पोटाचं ऐकवू. निरोगी माणसाच्या कानामागं एक पट्टी लावायची; तिथून त्याची भूक नि तृप्ती उचलायची आणि लहरींवरून मुलांच्या कानामागच्या पट्ट्यांना द्यायची. पोर खेड्यात असो की डोंगरात, उपचार घरपोच.

आधी भूक साठवून, मुद्रित करून पाहिली. आठवडाभरात मेंदूनं ती ओळखली आणि झिडकारली. वाजवलेल्या ध्वनिफितीवर टाळ धरता येतो, पण समोरचा बुवा जसा आपल्याकडं बघून लय चढवतो तसं ती करत नाही. भूक जिवंत माणसाचीच लागे, त्याच क्षणाची. असं जिवंत भूक देणारं माणूस सरकारी कागदावर 'क्षुधादाता' होतं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं भूकमाय.

कौतिकबाईंनी तेवीस वर्षं खाणावळ चालवली होती. नवरा गेला, मूल नव्हतं. आता क्षुधावाहिनीच्या केंद्रात, तिथल्या स्वयंपाकघरात रांधायचं, वेळेवर जेवायचं, हीच नोकरी. अशा चार भूकमाया द्या, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. वरून उत्तर आलं, एकीवर भागतंय ना? यंत्र आलं म्हणून मुलांशेजारी बसून जेवणाऱ्या दोन समुपदेशक बायांच्या जागाही रद्द झाल्या होत्या.

करारात एक अट होती : उपवास करायचा नाही. कौतिकबाई सप्ताहात पहिल्या रांगेत बसणारी, कीर्तन सुटलं तरी न उठणारी बाई. चाळीस वर्षांची एकादशी त्यांनी मुलांसाठी मोडली होती.

"देवाला सांगून ठेवलंय," त्या म्हणत, "एवढी पोरं जेवतात, तो तुझाच नैवेद्य समज."

केंद्रात राहणारी सोळा वर्षांची प्रांजल त्यांची लाडकी. आली तेव्हा जिना चढू शकत नव्हती. चौथ्या महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन बसायला लागली.

"माय, तुझी भूक फार हावरी आहे गं."

"हावरी नाही, घाईची आहे. खाणावळीत सगळ्यांचं झाल्यावर दहा मिनिटांत उरकायला लागायचं. तीच सवय."

"मला वांगं आवडायचं नाही."

"मग?"

"आता स्वप्नात येतं. वांग्याला तोंड असतं."

"माझ्यासारखं का?"

"तसंच गोल," प्रांजल म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकून दोघी हसल्या. तृप्ती आली ती एकशे बेचाळीस घरांत आली.

एका दुपारी प्रांजल ओट्याशीच कोसळली. उपासमारीनं आधीच झिजलेलं हृदय. बरं होतानाही ते दगा देऊ शकतं, म्हणूनच डॉक्टर रक्त तपासत राहतात. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. कानामागची पट्टी काढावी लागली. डॉक्टर सोबत गेल्या.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. कौतिकबाई रिकाम्या ओट्याकडं बघत बसल्या. तीन वर्षं मोडलेल्या एकादश्या त्यांनी मनातल्या मनात ओळीनं उभ्या केल्या, आणि त्यांना कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं, की देवानं आपलं मागून घेतलं. त्यांनी नवस केला : प्रांजल स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत अन्नाला शिवणार नाही. नवस बोलून दाखवला की वाया जातो, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पट्टी काढली नाही. उलट विचार केला तो साधा आणि मायेचाच होता : माझी भूक वाढली तर पोरं जास्तच जेवतील.

आणि तसंच झालं. पहिला दिवस, दुसरा दिवस, घराघरांत पोरांनी मागून मागून घेतलं. आयांनी देवापुढं साखर ठेवली. जिल्ह्याच्या रुग्णालयात, खाटेशेजारी बसून डॉक्टरांनी फोनवर भुकेची रेघ वर चढताना पाहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. तृप्तीची रेघ त्यांनी उघडून पाहिलीच नाही. ती सपाट होती. काही पोरं रडत रडत जेवत होती, कारण पोटाला तडस लागली तरी भूक थांबत नव्हती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही; या आजारात पोरं सांगत नाहीत.

कौतिकबाई जेवत नाहीत हे कुणाला दिसलं नाही. वाढणारीचं ताट कोण बघतं?

लांबलेल्या उपासाचा एक धर्म आहे. तीन दिवस शरीर ओरडतं. मग दमतं आणि ओरडणं सोडतं. माणसाला वाटतं, आपण भुकेच्या पार गेलो. खरं तर शरीर आतून स्वतःलाच खाऊ लागलेलं असतं. चौथ्या सकाळी कौतिकबाई नामस्मरणाला बसल्या, आणि भूक विझली. आत सगळं शांत झालं. त्यांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं.

साडेअकराला एकशे एक्केचाळीस ताटं एकाच वेळी दूर सारली गेली.

त्या वेळी डॉक्टर परत येत होत्या. प्रांजल उठून बसली होती, तिनं पातळ खिचडी मागितली होती. हीच बातमी सांगायला. वाटेतच फोन सुरू झाले. नदीपल्याडच्या सांगवीहून दुर्वा कोळीची आई बोलत होती. दुर्वा चौदा वर्षांची, पोहण्यात गावात पहिली, तीन महिन्यांत चांगली सावरलेली.

"मॅडम, पोरगी भांडत नाही, रडत नाही. हसते. म्हणते, आई, आता मला काहीच लागणार नाही. मला भीती वाटते हो तिच्या हसण्याची."

डॉक्टर धावत स्वयंपाकघरात शिरल्या.

"मावशी, शेवटचं कधी जेवलात?"

कौतिकबाई भिंतीला धरून उठल्या. "पोरीचं आधी सांगा."

"उठून बसली. खिचडी मागितली."

"पावला गं माझा बाप!" त्यांनी हात जोडले. "उभी राहिली का?"

"उभी? नाही अजून. का?"

तेव्हा त्यांनी नवसाचं सांगितलं. डॉक्टर खाली बसल्या.

"मावशी, तुमची भूक मेली आहे. तीच मेलेली भूक पोरांना जाते आहे. त्यांचा आजार त्यांना जे कानात सांगत होता, तेच आता तुमच्या तोंडून ऐकतायत. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे हो."

"मग काढून टाका पट्टी."

"काढली तर आत काहीच उरत नाही. नुसता आजार. शेजारी बसायला माणसं नाहीत माझ्याकडं. तुम्ही खा. दोन घास खा, तृप्ती जाऊ दे."

"आणि प्रांजल?"

"तिला औषधं चालू आहेत. नवसाचा नि तिचा..."

"तुम्ही लेकरासारख्या आहात, म्हणून रागवत नाही. उभी राहीपर्यंत म्हणून बोलले मी. आज मोडला आणि उद्या ती गेली, तर तुमचं यंत्र मला काय सांगणार?"

डॉक्टरांनी फोन पुढं केला. त्यावर दुर्वाची आई अजून बोलतच होती.

कौतिकबाईंनी पेजेची वाटी घेतली. घास त्यांनी तोंडाशी नेला तो अन्न म्हणून नव्हे. प्रत्येक घोटाला त्यांना वाटत होतं, मी प्रांजलचा जीव गिळते आहे. डोळे मिटून त्यांनी गिळलं.

दोन मिनिटांत केंद्रातले सगळे फोन एकदम वाजले. घराघरांतून पोरं ताटापासून पळाली होती, तोंड दाबून, किंचाळत. कुणी आईला म्हणालं, हे खाल्लं तर कुणीतरी मरेल. नसेतून नुसती भूक जात नव्हती. कधीच गेली नव्हती. आजवर भुकेबरोबर कौतिकबाईंची माया जात होती, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं त्यांची पट्टी ओढून काढली.

नऊ दिवस वाहिनी बंद होती. डॉक्टरांनी तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका गोळा केल्या, सदतीस निघाल्या. यंत्राच्या आधीची रीत त्यांना शिकवली : शेजारी बसा, स्वतः जेवा, रागवू नका, वजनाचा शब्द काढू नका, ताट संपेपर्यंत उठू नका, चक्कर आली की त्याच क्षणी रुग्णालय. या रीतीनं पोरं आधीही बरी होत होती. फक्त माणसं पुरत नव्हती. आताही पुरली नाहीत. बहुतेक घरी त्या पोचल्या. सांगवीचा नंबर सहाव्या दिवशी लागला. सेविका पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दुर्वा पहाटे गेली होती. तिची आई सहाही दिवस तिच्याजवळ बसून होती; काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी प्रांजल उभी राहिली. पट्टीशिवाय. वरणभात मागून घेतला आणि नर्सला म्हणाली, "ही भूक माझी आहे वाटतं. लहानशी आहे."

कौतिकबाईंना दोन्ही बातम्या एकाच दुपारी कळल्या.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "मी घास खाल्ला. त्यानं एक सोडली, एक नेली."

"असं नसतं मावशी. दोष माझा आहे. मी एकीच्या पोटावर सगळ्यांना टांगलं. रेघ बघितली, तुमचं ताट नाही बघितलं."

"तुम्ही रेघा बघा. मला माहीत आहे मी काय केलं ते."

यापुढं कुणीही त्यांना समजावू शकलं नाही. दुसरी भूकमाय मिळाली नाही. अर्ज वर गेला, वरच राहिला. पोरं ढासळत होती. दहाव्या दिवशी कौतिकबाईंनी स्वतःच कान पुढं केला. त्या वेळेवर जेवू लागल्या. पोरंही जेवू लागली, सावरू लागली. अहवालात सगळं ठीक होतं.

सहा महिन्यांनी तपासणीला आलेला एक मुलगा उठता उठता थांबला.

"मॅडम, एक विचारू? जेवायला बसलं की मला कुणाची तरी आठवण येते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे सांगणारा तो नववा होता.

"कुणाची?"

"तेच कळत नाही. ओळखीचं कुणीच नाही. पण पहिला घास घेतला की डोळे भरतात. वाटतं, कुणीतरी यायचं राहिलंय."

"घास अडतो का?"

"नाही. जेवतो मी." त्यानं कानामागची पट्टी चाचपली. "हे माझ्यातलं आहे का मॅडम? की हेही बाहेरून येतं?"

कौतिकबाईंच्या भुकेतून त्यांचं दुःख तेवढं गाळून घेईल असं कोणतंही यंत्र डॉक्टरांकडं नव्हतं. वाहिनी बंद करावी तर पोरं मरतील. चालू ठेवावी तर एकशे चाळीस लेकरं जन्मभर एका अनोळखी मुलीचा शोक जेवणार, आणि त्यालाच बरं होणं म्हणणार. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाहिनी चालू ठेवली.

त्या मुलांना कुणी नाव सांगितलं नाही. सांगितलं तर भीती परत येईल, असं ठरलं. पण तुम्ही जवळ येऊन बसलात, शेवटपर्यंत ऐकलंत, तुम्हाला ते आता ठाऊक आहे. सांगवीची दुर्वा कोळी, चौदा वर्षांची, नदीत सगळ्यांच्या पुढं पोहणारी. पुढचं ताट समोर येईल तेव्हा तिची आठवण ठेवा. निदान तुम्ही तरी, कुणाची ते जाणून ठेवा.