हिरवा दिवा

चंद्रपुरात आता कोणी कोणाला "बरं आहे ना?" असं विचारत नाही. "हिरवा?" एवढंच विचारतात. उन्हाळा पन्नास अंशांच्या पुढे गेला, माणसं रस्त्यात पडून मरू लागली, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्याच्या हाडाखाली शीतकण बसवला गेला. तांदळाएवढं यंत्र. ते अंग तापू देत नाही आणि गारही पडू देत नाही. सदतीसवर धरून ठेवतं. सदतीस असलं की कातडीखाली हिरवा दिवा दिसतो.

सिंधूचा दिवा कायम हिरवा होता. तरी ती म्हणायची, संध्याकाळ झाली की सांधे ठणकतात, घसा जळतो, आतून कोणी चूल पेटवल्यासारखं वाटतं. नेहमीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. सासू म्हणाली, कामाचा कंटाळा. तिचा नवरा कवडू मोहुर्ले यानेही एकदा तिच्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि ताट वाढायला सांगितलं.

वर्षभराने डॉक्टर देवतळेबाईंनी तिच्या रक्तातलं फेरिटिन मोजलं. लोह साठवणारं हे प्रथिन भलतंच वाढलं होतं. "जुन्या पुस्तकांत असा एक आजार आहे," त्या कवडूला म्हणाल्या. "शरीर स्वतःवरच उलटतं. त्याची अशी एक तपासणी नाही. बाकीचे रोग वगळत जायचं आणि रोज ठरल्या वेळी चढणारा ताप बघायचा."

"ताप तर आता कोणालाच येत नाही, बाई."

"येतो. आपण दिसू देत नाही."

दवाखान्याच्या थंड खोलीत तिचा शीतकण बंद केला. संध्याकाळी सिंधू चाळीसवर गेली. दंडांवर, पोटावर गुलाबी पुरळ उठलं. सकाळी ताप नव्हता, पुरळही नव्हतं. बाईंनी नाव सांगितलं: स्टिलचा आजार. त्यावर औषधही होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तापाने फणफणलेली सिंधू हसत होती. कवडूचा हात तिने आपल्या कपाळावर ओढून घेतला. "आता पटलं, अहो?"

पण दाहाने यकृत आधीच खाल्लं होतं. औषध लागू पडलं नाही. घरी पाठवताना, बाहेरच्या उन्हासाठी, नियमाप्रमाणे शीतकण पुन्हा चालू केला.

घरी आल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी ती गेली. शेजारचे तुळशीराम आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हिरवा आहे की रे. झोपू दे तिला." अंगही कोमट होतं. नाडी बघायची सवय लोकांना राहिली नव्हती. कवडू सांगत होता, ती गेली. संध्याकाळपर्यंत कोणी तिरडी बांधायला तयार होईना. जो येई तो दिव्याकडे बोट दाखवी.