पुढचं दार

"ताई, ती परात जरा उचल ना तिथून! माझ्या कागदावर पीठ सांडतंय!"

धाकट्याने हे इतकं सहज म्हटलं, की कोपरापर्यंत पिठात बुडालेले तिचे हात जागच्या जागी थांबले... रविवारची टळटळीत दुपार होती. स्वयंपाकघरातल्या एकुलत्या एक मोठ्या टेबलाच्या निम्म्या भागावर उद्याच्या पावाचं पीठ, आणि उरलेल्या निम्म्यावर भावाने पसरलेला भलामोठा कागद! मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा तो. तीन दिवसांची शहराची सहलसुद्धा त्याने पट्टी धरून, तासातासाचे चौकोन पाडून आखली होती. खाण्याच्या जागा तांबड्या, बघण्याच्या जागा निळ्या. माथ्यावर तिघांची नावं: तो, त्याची बायको आणि नऊ वर्षांची चिमणी.

आणि कोपऱ्यात टाचणीने लावलेली एक चिठ्ठी. 'ताईची कामं.' कुंड्यांना पाणी, दूधवाल्याला निरोप, प्रवासासाठी दोन मोठे पाव, निघायच्या दिवशी सकाळी भाजलेले.

ताईने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. छातीत काहीतरी तापत, फुगत, वर चढत गेलं. ऊबदार कोपऱ्यात झाकून ठेवलेलं पीठ जसं कुणाला न सांगता चढतं, तसं. अठ्ठावीस वर्षं झाकून ठेवलेलं!

"माझं नाव चिठ्ठीवर का रे? वर का नाही?"

"अगं, तू कशी येणार?" भाऊ मान वर न करता म्हणाला. "तुला तिथलं पाणी बाधतं ना! चिमणे, हे बघ, पुलाजवळचा भट्टीवाला. बारा वाजता. काय नाव काढतात लोक त्याच्या पावाचं! आणि मग अर्ध्या तासात घंटाघर."

"बारा वाजता?"

तो आवाज ऐकून भिंतीशी बसून पिशव्या शिवणारी भावजय दचकली. ताईचा असा आवाज या घराने कधी ऐकलाच नव्हता.

"बारा वाजता तिथे पाव भाजायचे रिकामे पत्रे भेटतील तुला! पहाटे सहाला पहिला घाणा निघतो, आठाला संपतो. आणि अर्ध्या तासात घंटाघर? दोनशे अकरा पायऱ्या आहेत त्याला! वर झरोक्यात ऊन येतं सकाळी. दुपारी जाऊन काय, कबुतरं मोजणार? नकाशे काढतो म्हणे! डोंबल तुझं!" पिठाळ बोटाने तिने एकेक चौकोन दाबला, तांबड्या-निळ्या रेघांवर पांढरे डाग उमटत गेले. "आणि भट्टीवाल्याकडे मागच्या गल्लीतल्या दारानं जायचं. पुढच्या दारानं पाहुणे जातात, खुर्चीवर बसून खाणारे!"

"ताई..." भावाच्या हातातली पेन्सिल खाली आली. "तुला कसं माहीत?"

"कसं माहीत! अकरा महिने त्या भट्टीपुढे उभी होते मी! एकोणीस वर्षांची होते. रोज घंटाघरावर राखणदाराला पाव पोचवायचे, दोनशे अकरा पायऱ्या चढून. म्हातारा भट्टीवाला म्हणायचा, पोरी, पीठ तुझा हात ओळखतं, पुढच्या वर्षी ही भट्टी तुझ्या हवाली... आणि आई गेल्याचा निरोप आला. अंगावरचा एप्रन न सोडता गाडीत बसले मी!"

"मग तू म्हणायचीस ते... पाणी बाधतं म्हणून..."

"खोटं होतं ते!" ती कडाडली. "सात वर्षांचा होतास. माझा पदर मुठीत धरून झोपायचास, आणि झोपेतून उठून विचारायचास, ताई, तू परत जाशील? तुला झोप लागावी म्हणून बोलले रे मी, की नाही बाळा, मला तिथलं पाणी बाधतं! ती अंगाई होती, अंगाई! तू पस्तिशीचा झालास तरी तीच उशाला घेऊन निजलायस! एकदा तरी, अरे, एकदा तरी विचारायचंस, ताई, आता तरी सोसेल का तुला ते पाणी?"

भावाचा चेहरा लालबुंद झाला. लाज होती ती. पण बाहेर पडली ती संताप होऊन.

"मग सांगायचं नाहीस? माझ्यासाठी सगळं सोडलंस, आणि मलाच कळू दिलं नाहीस! अठ्ठावीस वर्षं मला आंधळा ठेवलंस, आणि आता वर शिव्या देतेस?"

"सांगून काय केलं असतंस? सातव्या वर्षी मला गाडीत बसवून दिलं असतंस?"

"सातव्या नाही! पण विसाव्या? तिसाव्या?"

घाव वर्मी बसला होता. विसाव्या वर्षीही सांगता आलं असतं... पण तोवर त्यागाची सवय अशी अंगवळणी पडली होती, की तो काढून ठेवला असता तर खाली स्वतःचं काय उरलं आहे, हेच तिला ठाऊक नव्हतं!

भावजय उठली. तिने टाचणी काढली, चिठ्ठीचे चार तुकडे केले. "ही मी लिहिली होती, ताई," ती म्हणाली. "त्यांनी नाही. मला वाटलं, तुम्हाला आवडतं असं मागे राहायला..."

"मागे राहायला कुणाला आवडतं गं, बाई?"

या साऱ्या कल्लोळात चिमणीने सकाळचा उरलेला पाव हातात घेतला होता. ती भीत भीत म्हणाली, "आत्या, त्या भट्टीवाल्याचा पाव तुझ्या पावासारखा असतो?"

"माझा त्याच्यासारखा असतो."

भावाने लेकीच्या हातातल्या त्या तुकड्याकडे पाहिलं. आज सकाळीच तो म्हणाला होता, रोज रोज हाच पाव काय... तीन दिवस रजा काढून, पट्टीने रेघा मारून ज्या पावासाठी तो निघाला होता, तो अठ्ठावीस वर्षं त्याच्या पुढ्यात येत होता, आणि वाढणारीला त्याने कधी 'तूही बस जेवायला' म्हटलं नव्हतं! त्याने खोडरबर उचललं, आणि डोळ्यांतलं पाणी त्या आखीव चौकोनांवर टपटपलं.

"पुसू नकोस," ताई खेकसली. "कोरा कागद घे. आणि रडून लगेच सुटशील असं समजू नकोस. माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ दे," नाक पुसत तो म्हणाला. "रागासकट चल. चार तिकिटं काढतो. तू सांग, ताई, मी लिहितो. पहाटे सहा. मागची गल्ली..."

"तुम्ही जा मागच्या गल्लीनं."

"आणि तू?"

ताईने दोन्ही हात समोर धरले. नखांत, रेषांत, जुन्या चटक्यांच्या वणांत पांढरं पीठ भरलं होतं. क्षणभर ती त्या हातांकडे परक्यासारखी बघत राहिली...

"मी पुढच्या दारानं जाणार," ती म्हणाली, आणि इतका वेळ कडाडणारा तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "खुर्ची ओढून बसणार. आणि कुणीतरी येऊन मला विचारणार... बाई, तुम्हाला काय आणू?"