दुखण्याचे चार वाटे

डब्याची कडी खट्कन उघडली आणि मिरजेच्या त्या वेदनासंशोधन प्रयोगशाळेत दहा मिनिटं टिकलेली शांतता मोडली.

"रागवून झालं असलं तर खाऊन घे," भारती चौगुले म्हणाली. "शेंगांची पोळी आहे."

डॉ. मृदुला मगदूमने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्यापुढे टेबलावर तीन नोंदवह्या उघड्या होत्या आणि पलीकडे तीन बायका बसल्या होत्या, बाईंनी वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारख्या. बावन्न वर्षांची भारती ब्लाउज शिवायची. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता. नसीम बागवानचा मंडईजवळ फळांचा गाळा होता. तिच्या शस्त्रक्रियेला तीन वर्षं झाली होती. तिसरी रोहिणी अवटी, पोस्टातली. तिची शस्त्रक्रिया सहा महिन्यांपूर्वीची, केमो संपून पाच आठवडे झालेले. डोक्यावर नुकते कुठे केस उगवू लागले होते आणि दर दोन मिनिटांनी तिचा हात आपोआप तिकडे जात होता.

"नव्वद दिवस," मृदुला म्हणाली. "तिघींच्या वह्या. 'आज काय जाणवलं?' या रकान्यात नव्वद वेळा काय लिहिलंय? 'विशेष नाही.' रोज! नसीमआपा, तुम्ही तर एका दिवशी बसून आठवड्याचं लिहिलंय. शाई एकच आहे."

"विशेष नव्हतंच, तर काय गोष्ट रचून लिहू?" नसीम म्हणाली.

"मग यंत्र काय रचून सांगतंय?"

दार ढकलून डॉ. कित्तूर आत आले. या तिघींवर शस्त्रक्रिया त्यांनीच केल्या होत्या. मृदुलाच्या यंत्रावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, पण तिने सकाळी फोनवर 'मला भीती वाटतेय' म्हटल्यावर ते बाह्यरुग्ण विभाग सोडून आले होते.

"मी कापणारा नि टाके घालणारा माणूस," ते खुर्ची ओढत म्हणाले. "मला समजेल असं सांग. हे तुझं यंत्र नेमकं करतं काय?"

मृदुलाने मान वळवून स्वतःचे केस बाजूला केले. मानेच्या मागे, मणक्यावर, नखाएवढ्या जाडीची एक करडी पट्टी चिकटवलेली होती.

"ही मानपट्टी. पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणारा वेदनेचा संकेत ती वाचते आणि या पेटीकडे, म्हणजे वेदनाविभाजकाकडे पाठवते. विभाजक चारही पट्ट्यांकडून आलेल्या वेदनांची बेरीज करतो, तिचे चार समान वाटे पाडतो आणि प्रत्येकीला एक वाटा परत देतो. केमोच्या दिवसांत रोहिणीची हाडं दहापैकी आठ भरतील इतकी दुखायची. ते आठ चौघींत वाटले, की प्रत्येकीला दोन."

"म्हणजे दुखणं कमी होतं."

"नाही, सर. आठाचे आठच राहतात. एकीवर पडत नाहीत, एवढंच."

"आणि जागा?"

"तीच. तिची पोटरी दुखली, की चौघींची पोटरी दुखते."

"कुणाचं दुखणं, हे यंत्राला कळतं?"

"ते कळू द्यायचं नाही, अशी नीतिसमितीची अट होती. कोण देतंय, कोण घेतंय याची नोंद नाही. कुणाला उपकाराखाली दबल्यासारखं वाटू नये म्हणून. यंत्र फक्त बेरीज दाखवतं." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "आणि ही ती बेरीज. रोहिणीची केमो इथं संपली. यानंतर रेघ उतरायला हवी होती. बघा."

रेघ उतरली नव्हती. आधी थोडी सपाट झाली होती आणि मग रोज केसभर वर सरकत गेली होती.

कित्तूरांनी तिघींकडे पाहिलं. "कुठं दुखतंय?"

रोहिणीने हात मागे नेऊन पाठीवर, खांद्यांच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध बोट ठेवलं. भारतीने तिच्याकडे चमकून पाहिलं.

"तुलाबी तिथंच?"

"तुम्हालाही?"

नसीमनेही आपलं बोट तिथेच टेकवलं.

"कधीपासून?" मृदुलाचा आवाज चढला. "अहो, कधीपासून?"

"होतील तीन महिने," भारती म्हणाली. "मला वाटलं, ते रोहिणीचं. पोरगी केमोत होती गं. मी तक्रार केली, तर ही खुळी पट्टी काढून टाकणार आणि एकटी सोसत बसणार. म्हणून नाही लिहिलं."

"मला वाटलं, हे भारतीताईंचं," रोहिणी हळूच म्हणाली. "दिवसभर शिलाईच्या यंत्रावर वाकून असतात. मी लिहिलं असतं, तर तुम्ही त्यांना गटातून वगळलं असतं. माझ्यासाठी एवढं केलं त्यांनी."

"आणि तुम्ही, नसीमआपा?"

"पेट्या उचलते. पाठ दुखणारच. पाठ दुखली म्हणून काय लिहायचं असतं होय?"

मृदुलाने तिन्ही वह्या एकावर एक आपटल्या. "एवढं यंत्र बनवलं! सहा वर्षं घातली! आणि तुम्हाला 'दुखतंय' हा एक शब्द लिहायला जड गेला!"

"ओरडू नको गं," भारती म्हणाली. "ऑपरेशननंतरची ड्रेनची नळी पोटाला बांधून घरी स्वैपाक केलाय आम्ही. आम्हाला सवय नाही लिहायची."

कित्तूरांनी चष्मा काढला. "ऐका. स्तनाच्या कर्करोगानंतर मणक्यात एकाच जागी, रोज, वाढत जाणारं दुखणं... याचा अर्थ मला लपवता येणार नाही. तुमच्यापैकी एकीचा आजार परतलेला असू शकतो. ती एकटी असती, तर पंधरा दिवसांत रडत माझ्याकडे आली असती. पण तिला जाणवतोय पाव हिस्सा. पाव हिस्सा दुखण्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं?" ते मृदुलाकडे वळले. "तुझ्या यंत्राने दुखणं वाटलं, मगदूम. आणि त्याबरोबर इशाराही वाटला."

हे मृदुलाला सकाळीच कळलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते जास्त लागलं.

"कुणाचं ते शोधायला सोपी चाचणी आहे," ती कोरडेपणाने म्हणाली. "एकेकीने पट्टी काढायची. जी बाहेर पडेल, तिला स्वतःचंच दुखणं उरेल, पूर्ण. ते तिचं नसेल, तर तिचं दुखणं थांबेल आणि उरलेल्यांचं वाढेल. कारण तेवढंच दुखणं कमी जणींत वाटलं जाईल. पहिली कोण?"

तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. रोहिणीचा मुलगा बारावीला होता. नसीमच्या मुलीचं लग्न ठरत होतं. भारतीला कुणी नव्हतं आणि म्हणून तीच आधी उठायला लागली. पण रोहिणीने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"शेवटची केमो माझी झाली. माझंच असणार. उगाच तुमचा जीव टांगणीला नको."

तिने डोळे मिटले आणि पट्टी ओढून काढली.

विभाजकावरचा एक हिरवा दिवा विझला. रोहिणी श्वास रोखून बसली. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"थांबलं," ती म्हणाली. "काहीच नाही. पाठ... पाठ नुसती आहे." ती हसायला लागली आणि हसता हसता दोघींचे चेहरे पाहून एकदम गप्प झाली. त्यांचं वाढलं होतं. आपली सुटका म्हणजे दोघींपैकी एकीवर आलेली पाळी, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने तोंडावर हात घेतला. "माझं असतं तर बरं झालं असतं," ती पुटपुटली.

"बडबडू नको," नसीम डाफरली.

भारतीने स्वतःची पट्टी काढली. ती तोंडाने आकडे मोजत होती, मापं घेताना मोजते तशी. दहापर्यंत पोचली आणि थांबली.

"गेलं."

भारतीने खुर्ची सरकवली आणि नसीमचा हात दोन्ही हातांत घेतला. नसीमच्या कपाळावर घाम आला होता; पाठ ताठ करून ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"मी आहे," भारती म्हणाली. "तुझा गाळा मी बघते. मला आंबा कळतो."

"तुला काय डोंबल कळतो," नसीम म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "परवा चिकू म्हणून कवठ नेलंस."

कित्तूरांनी फोन काढून तपासणी कक्षाला लावला. "उद्या सकाळची पहिली वेळ द्या. नाव लिहा, नसीम..."

"थांबा," नसीम म्हणाली. "एकदा पुरतं बघू तर द्या, माझं किती आहे ते." आणि तिने मानेमागे हात नेऊन पट्टी सोलून काढली.

तिसरा दिवा विझला.

नसीमने खांदा हलवला. कंबरेत वळून पाहिलं. मग बावचळून ती उभीच राहिली.

"नाही दुखत."

"नीट बघा."

"अल्लाची शपथ, नाही दुखत मला!"

कित्तूरांनी पडद्याकडे पाहिलं. बेरीज तेवढीच होती, दशांशानेही कमी झालेली नव्हती. विभाजकावर एकच दिवा जळत होता.

मृदुला टेबलाची कड धरून उभी होती. गेल्या तासाभरात तिची पाठ आधी पाव, मग एक तृतीयांश, मग निम्मी दुखली होती, अगदी गणिताप्रमाणे. प्रत्येक वेळी तिच्या मनात समाधानाने येत होतं, बरोबर, यंत्र बरोबर चाललंय. आता मणक्यात कुणी गरम सळई धरल्यासारखं होत होतं आणि वाटून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

रोहिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तीन वाटे जड जात होते, म्हणून चौथी पट्टी तिने स्वतःला लावली होती. अर्जात स्वतःच्या नावापुढे तिने लिहिलं होतं, 'निरोगी, केवळ घेणारी'. विभाजकाने तो अर्ज वाचला नव्हता. त्याच्या दृष्टीने प्रत्येक पट्टी घेतही होती आणि देतही होती.

"तुझी वही कुठाय?" भारतीने विचारलं.

मृदुलाने खण उघडून चौथी वही काढली. तिला वाकता येत नव्हतं. भारतीने वही हातातून घेतली आणि शेवटची पानं उलटली. वळणदार अक्षरात रोज एकच ओळ होती, 'पाठदुखी. रोहिणीचा वाटा. अपेक्षित.'

"तू तर लिहिलंसही," भारती म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या नावावर लिहिलंस." तिने वही रागाने मिटली आणि मग एकाएकी मृदुलाला कवेत घेतलं, पाठीला हात न लावता.

तपासणीत मृदुलाच्या उजव्या स्तनात, खोलवर, बोराएवढी गाठ निघाली. आणि मणक्यांवर तीन ठिपके.

"उपचार आहेत," कित्तूर म्हणाले. "आधी औषधं, मग बघू, शस्त्रक्रिया करायची का. यातून माणसं वर्षानुवर्षं जगतात, हे तुला माहीत आहे."

"आणि तीन महिन्यांपूर्वी?"

"त्याने आता काय फरक..."

"सर."

त्यांनी छायाचित्र उजेडाच्या पाटीवरून काढून घेतलं. "कदाचित एकच ठिपका असता. कदाचित. मला माहीत नाही, मगदूम. खरंच माहीत नाही."

समितीने विभाजक बंद करून कुलूपबंद केला. बायका भांडायला गेल्या. नसीमने समितीच्या अध्यक्षांना सुनावलं, की आता कुणाचं दुखतंय ते सगळ्यांना माहीत आहे, आता वाटायला काय हरकत? मुद्दा चुकीचा नव्हता. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत ठेवू. पुढची बैठक दोन महिन्यांनी होती. परतताना रिक्षात भारती एवढंच म्हणाली, "आपण तेव्हा बोललो नाही, आता कोण ऐकणार," आणि बाकीच्या दोघी बाहेर बघत राहिल्या.

मग त्या यंत्राशिवाय आल्या. पहिल्या केमोनंतर रोहिणीने मृदुलाचे केस कापून दिले, गळायची वाट न बघता. तोंड आलं तेव्हा काय गिळवतं, ते नसीमला ठाऊक होतं. ती बर्फात घातलेल्या कलिंगडाच्या फोडी आणायची. अंगाचं काही ना काही व्हायचं आणि त्या तिघी पलंगाभोवती बसून असायच्या. आता त्यांना काहीच दुखत नव्हतं, हे मृदुलाला सहन होत नसे आणि त्यांनाही. एकदा ती वैतागून म्हणाली, "जा ना घरी, बघत काय बसता?" नसीम म्हणाली, "जातो," आणि कुणीच उठलं नाही.

शस्त्रक्रियेचं नक्की झालं, त्या आठवड्यात रविवारी भारती मापं घ्यायला आली. उजवीकडे आतून खिसा असलेले ब्लाउज शिवायचे होते. त्या खिशात मोहरी भरलेली कापडी उशी बसते. "एका बाजूचं वजन गेलं, की खांदा वर चढतो," ती फीत लावत समजावत होती. "मोहरी बरी. अंगाच्या उबेने उबदार होते. धुवायच्या आधी मात्र काढायची. मी एकदा विसरले, तर बादलीत कोंब आले."

मृदुला हसली. दुखलं, पण हसली. स्वैपाकघरात रोहिणी आणि नसीम भाताच्या पाण्यावरून वाद घालत होत्या. मृदुलाचा नवरा औषधं आणायला गेला होता. तिची आठ वर्षांची मुलगी पर्णा पलंगावर पालथी पडून आईची मापं वहीत लिहून घ्यायचं काम करत होती, भारती सांगेल तसं.

"आई, तुझं दुखणं मावश्यांच्या पाठीत गेलं होतं, हे खरं?"

"खरं."

"म्हणजे तुला थोडंसंच दुखायचं?"

"हो. थोडंसंच."

"थोडंसंच दुखायचं म्हणून तू डॉक्टरकाकांना दाखवलं नाहीस?"

भारतीच्या हातातली फीत थांबली. स्वैपाकघरातला वादही थांबला होता.

"हो गं, पर्णा," मृदुला म्हणाली.

पर्णाने पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवलं. ती विचार करत होती, अगदी मन लावून, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणावरही राग नव्हता.

"मग मावश्यांनी घेतलं नसतं," तिने विचारलं, "तर तू आत्ता बरी असतीस?"