आंधळा इंजेरा

नेब्रोने पिठाच्या पिंपात पंजा घातला आणि आस्कालेची तीन दिवसांची मेहनत मातीत गेली. नेब्रो म्हणजे बिबट्या. नाव एवढं दांडगं, पण होता मावशीचा ठिपकेदार बोका, आणि इंजेऱ्याच्या, म्हणजे मऊ जाळीदार आंबट भाकरीच्या, आंबलेल्या पिठावरचा प्रत्येक बुडबुडा फुटताना त्याला बघायचा असे. त्या दिवशी एक बुडबुडा त्याने स्वतःच फोडला. मांजराचा पाय लागलेलं पीठ देब्रे बिरहान गावात कुणी खात नाही. पीठ गेलं आणि त्याच्याबरोबर घरातलं जुनं विरजणही गेलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस?" झेनेबेच मावशी कडाडली. "शेजारी जा. नवा भाडेकरू आलाय, त्याच्या घरातून आंबूस वास येतो. त्याच्या आईकडे विरजण माग."

दार उघडलं ते एका उंच तरुणाने. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, डाव्या भुवईवर तेफ धान्याचं पीठ. मागे विजेचा तवा तापत होता.

"आई आहेत का घरात?"

"आई गावाला असते. मी यिल्मा. मोजणी खात्यात आहे. काय हवंय?"

"विरजण. पण मग... इंजेरा कोण करतं?"

"भूत येऊन करून जातं."

"भुताच्या भुवईला पीठ लागलंय, पुसा."

तो कानापर्यंत लाल झाला. बाप्याने तव्यापुढे उभं राहणं म्हणजे आळीला महिनाभर पुरेल इतका विषय. "कुणाला सांगू नका हं," तो हळूच म्हणाला. पण आस्कालेची नजर टोपलीतल्या इंजेऱ्यावर गेली होती. गुळगुळीत, चपटा, बुडबुडा फुटून पडणारं भोक, म्हणजे डोळा, एकही नाही. डोळ्यांशिवाय इंजेरा म्हणजे काय? कालवण धरणार कुठे?

"अगं बाई, हा तर आंधळा आहे!" ती म्हणाली. "पिठातलं थोडं उकळून परत मिसळलं नाहीस का?"

"उकळून?"

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणीच नाही," तो म्हणाला, आणि मग हसून, "पण आता तू भेटलीस."

ओळखपाळख नसलेल्या माणसाला आपण भडाभडा 'तू' म्हणून बसलो, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. विरजणाचं भांडं उचलून ती जी पळाली ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन थांबली. मावशीने विचारलं, "म्हातारी कशी आहे?" आस्काले म्हणाली, "उंच आहे."

मग येणं-जाणं सुरू झालं. निमित्त इंजेऱ्याचं, दुसरं काय! कधी पीठ फार घट्ट, कधी तवा फार गरम. आस्काले दारात उभी राहून हुकूम सोडायची, "कडेकडेने ओत, मध्ये ये... अरे, जमीन मोजतोस ना? मग गोल का जमत नाही?" तो म्हणायचा, "जमीन हलत नाही. तू समोर उभी राहिलीस की माझा हात हलतो." ती तोंड वेंगाडायची आणि घरी जाऊन तेच वाक्य दहा वेळा आठवायची. नेब्रो दोघांच्या मध्ये बसून झाकणाखालून निघणाऱ्या वाफेवर झडप घालायचा, आणि दर वेळी वाफ हाती न लागल्याबद्दल दोघांकडे रागाने बघायचा. पाचव्या आठवड्यात इंजेऱ्याला डोळे आले. भरगच्च, एकाला एक लागून. दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. जिंका नावाच्या गावी. बसने दोन दिवस. सोमवारी निघायचं.

आस्कालेला ते मावशीकडून कळलं. तिला रडू आलं नाही, राग आला. एवढं सगळं हसलास, बोललास, आणि आता एक शब्द न बोलता चाललास? लग्नाची मागणी घालायला मुलीच्या घरी वडीलधारी माणसं पाठवायची असतात ती मुलाने. मुलीने काय करायचं? पीठ भिजवायचं आणि वाट बघायची. तो गप्प राहून गेला तर आपणही जन्मभर गप्प राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी त्याने दोघींना जेवायला बोलावलं. मावशी म्हणाली, "माझे गुडघे दुखतात, तू जा." मावशीचे गुडघे सोयीप्रमाणे दुखत असत.

उपासाचा वार, मांस-दूध वर्ज्य, म्हणून मसुराचं तिखट कालवण आणि कोबी. यिल्माने इंजेऱ्याचा तुकडा तोडला, कालवण गुंडाळलं आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या हाताने तिला भरवलं. मग हात आखडून बसला.

आस्कालेने घास गिळला. वाट पाहिली. काहीच नाही.

"एकच?"

"हो."

"एक घास भांडण लावतो, दोन प्रेम जुळवतात. एवढंही आईने शिकवलं नाही?"

"शिकवलंय." तो ताटाकडे बघत म्हणाला. "म्हणूनच... दुसरा देताना हात धजत नाही. तू घेतला नाहीस तर?"

"मी तोंड उघडून बसलेय, दिसत नाही?" तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. "भांडण लावून जिंकाला जाणार आहेस का?"

त्याने दुसरा घास बांधला. जितकी माया तितका घास मोठा, असं म्हणतात. हा तर मुठीएवढा होता. तिचे दोन्ही गाल फुगले. आणि नेमकं तेव्हा, तिला ब्र काढता येत नाही हे बघून, तो गृहस्थ बोलला.

"मला तू आवडतेस, आस्काले. पहिल्या दिवसापासून. रविवारी तीन वडीलधाऱ्यांना तुझ्या मावशीकडे मागणी घालायला पाठवतोय. नको असेल तर आत्ताच सांग."

काय लबाड माणूस! ती चावत राहिली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती आणखी चावत राहिली. नेब्रोने तेवढ्यात ताटातला कोबी हुंगला, पण त्याला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

शेवटी घास उतरला. तिने पाण्याचा घोट घेतला.

"रविवारी नको."

यिल्माचा चेहरा खर्रकन उतरला.

"तू सोमवारी निघणार," ती म्हणाली, "आणि मावशी एका दिवसात होकार देईल असं वाटतं तुला? उद्याच पाठव."