नीलोच्या नावाचा माग

फिनलंडमधल्या औलूच्या बंदराकडे जाणारा रस्ता त्या सकाळी काचेसारखा गुळगुळीत झाला होता. केर्त्तूचा पाय घसरला, आणि तिने शेजारून चाललेल्या अनोळखी तरुणाची बाही घट्ट धरली. त्याच्या हातातला दालचिनीचा पाव उडून बर्फात पडला. ती मात्र वाचली.

"चला," तो म्हणाला, "दोघांपैकी एकाला पडायचंच होतं."

"सॉरी... तुमची न्याहारी गेली."

"न्याहारी गेली. बाही मात्र अजून तुमच्याच हातात आहे."

तिने चटकन हात सोडला. कान तापले... थंडीने नक्कीच नाही.

थोड्याच वेळात बर्फाचे नकाशे बनवणाऱ्या कचेरीत प्रमुख टेलेर्वोबाईंनी ओळख करून दिली, तेव्हा समोर तोच उभा होता. नीलो. गोठलेल्या आखातातून जहाजांना वाट दाखवणारे नकाशे त्याचा प्रोग्राम बनवायचा. हल्ली उपग्रहाची काही चित्रं सर्व्हरवर यायची आणि नाहीशी व्हायची. कालच एक मालवाहू जहाज बर्फात रुतलं होतं. संशय नीलोवर होता, आणि केर्त्तूला हेलसिंकीहून बोलावलं होतं ते माग काढायला.

"फाइल कोण उघडतं, कोण पुसतं, सगळं कर्नेलमधून जातं," ती म्हणाली. "यंत्राच्या त्या गाभ्यातच पहारा बसवते. तिथे कुणाला लपता येत नाही."

"मनातलंही दिसतं का त्यात?"

"फक्त फायलींचं."

"मग हरकत नाही." तो हसला आणि तिच्यासाठी कॉफी ओतू लागला.

दोघं पडद्यासमोर बसून राहिले. कोपराला कोपर लागत होतं. कुणीच बाजूला घेत नव्हतं. मग एक चित्र आलं... आणि गेलं. पहाऱ्याने ओळ उमटवली. पुसणारा: नीलो.

"पण मी तर इथेच—"

"प्रोग्राम आधीच लावून ठेवता येतो," केर्त्तू म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

टेलेर्वोबाई मागेच उभ्या होत्या. "म्हणजे झालं. नीलो, कार्ड ठेव टेबलावर."

त्याने कार्ड ठेवलं. एकदाच केर्त्तूकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"बाई, थांबा," ती म्हणाली. "हे नुसतं नाव आहे. या नावाने काम कोण करवून घेतंय, ते कळायचंय अजून."

"जहाजं खोळंबलीत, केर्त्तू."

"पुढचं चित्र येईपर्यंत. तेवढाच वेळ द्या."

तिने पहारा आणखी खोल नेला: पुसणाऱ्याला सुरू कोणी केलं, त्याच्याही आधी कोणी. अक्षरं चुकत होती; पुसून ती पुन्हा लिहीत होती. नीलो खिडकीशी पाठमोरा उभा होता.

चित्र आलं. गेलं. या वेळी अख्खी साखळी पडद्यावर उतरली. टोकाला होता जुनी चित्रं झाडून टाकणारा सफाईचा प्रोग्राम. उपग्रहाची चित्रं उतरवून घेणाऱ्या एका नव्या केंद्राचं घड्याळ मागे पडलं होतं; तिथल्या ताज्या चित्रांवर जुनी तारीख पडत होती, आणि सफाई त्यांना केर समजून उचलत होती.

"नीलोच्या नावावर ही सफाई कोणी लावली?" केर्त्तूने विचारलं.

टेलेर्वोबाईंनी चष्मा काढला. "मी. तो सुट्टीवर होता, तेव्हा त्याच्याच खात्यातून लावली... आणि विसरूनच गेले." त्यांनी कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं. "माफ कर, पोरा."

सफाई बंद झाली, नकाशे जहाजांकडे गेले. केर्त्तू बॅग घेऊन निघाली, तसा नीलो दारापर्यंत आला.

"खरं सांग. तुला वाटलं होतं, मीच असेन?"

"हो," ती म्हणाली. "थोडा वेळ वाटलं."

त्याचा चेहरा उतरला. "मग खोल का गेलीस?"

"तू नसावास, असं वाटत होतं म्हणून..."

"आणि मीच निघालो असतो तर?"

"तर बाईंना तसंच सांगितलं असतं. आणि मग—" तिने बॅगेचा पट्टा आवळला, "हेलसिंकीपर्यंत रडत गेले असते. सकाळी भेटलेल्या माणसासाठी. वेडेपणाच, नाही?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तुझी गाडी संध्याकाळची ना?"

"हो."

"उद्याही असते."

केर्त्तूने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.