पंप खाली ठेव

दोन हजार सहा सालच्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला अनिमेष साळवे यवतमाळच्या स्टँडवर राळेगावच्या एसटीत चढला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. वय वीस, घर नगरला. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक म्हणून त्यानं दोन वर्षांसाठी घर सोडलं होतं, त्यातले सात महिने इकडे गेले होते. या पोरांचा एक कडक नियम असतो. कुठंही जायचं ते जोडीनं, आणि साथीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. अनिमेषनं आज तो नियम मोडला होता आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

कारण होतं फुलसिंग. राळेगावच्या फाट्यापासून तीन किलोमीटर आत एक गाव आहे, तिथला हा मजूर. दुसऱ्यांच्या कपाशीवर औषध फवारायचा. त्यानं अनिमेषसमोर दारू सोडली होती, आणि ही पोरं चहाही पीत नाहीत म्हटल्यावर चहासुद्धा सोडून दिला होता. फवारताना अंगावर औषध उडू नये म्हणून अनिमेषनं आपला एक जुना, पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट त्याला दिला. एकदा फुलसिंगनं विचारलं, "तुमी कायले जी नेहमी दोघं दोघं फिरता?"

"एकाला काही झालं तर दुसरा जवळ असावा म्हणून."

"मंग माह्याजवळ कोन हाये? फवाऱ्याले तं मी एकटाच."

"पुढच्या मंगळवारी मी येतो," अनिमेष म्हणाला होता.

गेल्या आठवड्यात तो मंगळवार आला तेव्हा एल्डर बंडारू (ही पोरं एकमेकांना एल्डरच म्हणतात), त्याचा विशाखापट्टणमचा वरिष्ठ साथीदार, वही उघडून म्हणाला की आज सेवेचा दिवस नाही, ठरलेला कार्यक्रम बदलायचा नाही. ते गेले नाहीत. त्याच दुपारी फुलसिंग पाठीवरच्या पंपासकट कपाशीत पडला आणि संध्याकाळपर्यंत कुणी बघायलाही गेलं नाही. शेतमालक पंजाबराव मात्र लगेच सांगत सुटला, पिऊन टुन्न होता, नशेत औषध प्याला. त्या वर्षांत कपाशीच्या गावांत कुणी मेलं की कारण असं आयतं तयार असायचं! आज दुपारी पोलीस पाटील तसंच लिहून घेणार होते. मेलेल्या माणसाच्या तोंडात दारू ओतताना या लोकांना लाज कशी वाटत नाही, या विचारानं अनिमेषचं डोकं आठवडाभर तडकत होतं. "आपल्याला त्यात पडायचं नाही," असं बंडारू म्हणाला, तेव्हा अनिमेषनं दार आपटलं आणि एकटाच निघाला.

फाट्यावर उतरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी, कुठं कुठं फुटलेली बोंडं, आणि चिटपाखरू नाही. थोडं चालल्यावर मागं पावलं वाजली. पावलागणिक पाणी हिंदकळत होतं. डुबुक... डुबुक... त्यानं मान जराशी वळवली. पांढरा शर्ट, तोंडाला उन्हाचा दुपट्टा गुंडाळलेला. आला वाटतं नियम पाळायला! बंडारूच्या थैलीत पाण्याची मोठी बाटली नेहमीच असायची.

"यायचं तर ये," मागं न बघताच अनिमेष ओरडला, "पण मला अडवायचं नाही. त्या दिवशी तू अडवलंस आणि मी ऐकलं, म्हणून तो मेला. तू आणि मी, दोघांनी मारलं त्याला!"

मागून औषधाचा उग्र वास तेवढा आला, पण हंगामच फवारणीचा होता. खांदे का दुखायला लागलेत ते मात्र त्याला कळेना, कारण थैली तर तो रागारागात खोलीवरच टाकून आला होता.

फुलसिंगच्या घरी त्याची बायको बिजलीबाई हिनं पाण्याचे दोन पेले आणून ठेवले.

"थे दुसरे भाऊ आत नाई येत काय? बाहेरच उभे हायेत, पाठ करून."

"राहू दे त्याला. आमचा अबोला आहे."

"दारू पेले नव्हते जी थे," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "चहा बी सोडलता. गाव हासे त्याईले. मी सांगून राह्यली, तं कोनी आयकत नाई."

"माझं ऐकतील. मी सही करून देतो."

पंजाबरावाच्या ओसरीत पोलीस पाटील विठ्ठलराव कागद मांडून बसले होते. पंजाबराव खुर्चीत ऐसपैस. उन्हातून येणाऱ्यांकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाला, "या, बसा दोघंई. चहा घेता?"

अनिमेष बसला नाही. "फुलसिंग चाळीस दिवस दारूला शिवला नव्हता. माझ्यासमोर सोडली होती त्यानं. हे लिहा."

पंजाबराव हसला. "दारुड्याचं काय खरं धरता जी! तुमी बाहेरगावचे, तुमाले काय मालूम?"

"मला मालूम आहे!" अनिमेषचा आवाज चिरकला. "चहासुद्धा पीत नव्हता तो माणूस! आणि तुम्ही त्याला..."

डुबुक. अगदी पाठीशी.

पंजाबरावाचं हसू जागच्या जागी थांबलं. तो अनिमेषच्या खांद्यावरून मागं बघत होता.

"त्याले... त्याले म्हना, दुपट्टा नोको सोडू..."

"कुणाला?"

"ठेव ना बाबा... खाली ठेव थो पंप." पंजाबराव खुर्चीसकट मागं सरकत होता. "चक्कर येऊन राह्यली म्हने... पंप गळते म्हने... मीच म्हनलो, चार ओळी राह्यल्या, मंग उतरव... फुलसिंग, ठेव ना रे आता!"

विठ्ठलरावांचा पेन थांबला होता. "कोनाशी बोलून राह्यले पंजाबराव? पोरगं तं एकटंच आलं."

तेव्हा कुठं अनिमेष वळला. ओसरीत कुणी नव्हतं. फरशीवर ओल्या अनवाणी पावलांची रांग होती, ती त्याच्या टाचेपर्यंत येऊन थांबली होती. विठ्ठलरावांनी लिहिलेला कागद फाडला, कपाळाचा घाम पुसला आणि नवा कागद घेऊन पंजाबराव बोलला ते सगळं शब्दाशब्दानं उतरवलं. खाली अनिमेषनं सही केली.

पाच वाजता तो खोलीवर पोचला. बंडारू दारातच उभा होता.

"सुबह से यहीं बैठा हूँ. अकेले गये?"

अनिमेष त्याला ओलांडून आत शिरला. "एकटा नव्हतो," तो म्हणाला. "फुलसिंगचं नाव साफ झालं. तुझी वही घाल चुलीत."

बंडारू चिडला नाही. तो अनिमेषच्या शर्टाकडे बघत होता. दोन्ही खांद्यांवरून काखेत जाणारे दोन रुंद, ओले पट्टे उमटले होते. खोलीत औषधाचा वास भरत चालला होता.

"एल्डर साळवे," बंडारू हळूच म्हणाला, "वो... उतार दो."

"काय उतरवू? पाठीवर काही नाही माझ्या."

बुटांच्या नाड्या सोडायला अनिमेष खाली वाकला, आणि त्याच्या पाठीवर पाणी हिंदकळलं.