शेजारची वाफ

पहिल्यांदा खटकली ती वाफ. बर्फाच्या खोलीत तोंडातून वाफ निघणारच. कॉलेजात शिकलेल्या मुलीला ते कुणी सांगायला नको. पण हिच्या तोंडातून एक निघाली आणि हातभर अंतरावर, साधारण माणसाच्या उंचीला, दुसरी. तिने घाबरून श्वास रोखला. तिकडची वाफही थांबली. निदान समोरचा रीतभात पाळणारा होता.

घरात तिचं नाव दचकी. पाल चुकचुकली की ही खुर्चीवर, खुर्ची करकरली की ही दारात. पण घरचा बर्फाचा कारखाना पुढे आपणच चालवायचा, हे तिने मनाशी ठरवलं होतं. आज बाबांची कंबर धरली आणि संधी चालून आली.

"होड्या लागतील इतक्यात," आत्या जिना उतरताना म्हणाली होती. "मासळी बर्फासाठी थांबत नाही. आज माल तू सोड. जमलं तर कारखाना तुझा, किंचाळलीस तर तुझ्या चुलतभावाचा. आणि खालून मी 'सोड' म्हटल्याशिवाय लादी ढकलायची नाही. माझे गुडघे आधीच कामातून गेलेत."

बर्फाची एकेक लादी माणसापेक्षा जड. भिंतीतल्या भोकातून ती लाकडी घसरगुंडीवर ढकलायची, की थेट धक्क्यावर. खाली कोण उभं आहे ते वरून दिसत नाही. म्हणून आधी विचारायचं, मग उत्तराची वाट बघायची.

तिने लोखंडी आकड्याने लादी ओढत भोकाशी आणली.

"सोडू का?"

खाली आत्याच्या बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

"आत्या... सोडू का गं?"

शेजारी वाफ उमटली.

"हे बघा," ती तिकडे न बघता पुटपुटली, "तुम्ही जे कुणी असाल... कामाला आला असाल तर कामाला लागा. नाहीतर बाहेर बसा."

आवाजात आत्याचा दरारा आणायचा होता. आला तो कोकराचा.

खिळ्यावर टांगलेला दुसरा आकडा हलला. मग तो खिळ्यावर नव्हताच.

किंचाळी गळ्याशी आली. तिने ती गिळली. चुलतभावाचा चेहरा आठवला की तिला काहीही गिळता यायचं. पण त्या गडबडीत धक्का लागला आणि लादी निम्मी भोकाबाहेर गेली. तिने दोन्ही हातांनी आकडा मागे ओढला. बोटं बधिर झाली, ओल्या फरशीवर पाय पुढे पुढे घसरू लागले. आणि आत्याची खोड अशी, की वरचं ऐकू आलं नाही की सरळ घसरगुंडीत डोकं घालून "काय गं?" म्हणायचं.

"आत्या, बाजूला हो... आत्या... अगं, कुणी आहे का तिथे?"

खालचं यंत्र बंद पडलं.

लादी एकदम हलकी झाली. तिच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा बर्फात रुतला होता, आणि त्याच्यामागे कुणी नव्हतं. फक्त वाफ, आता अगदी कानाशी.

"मी आहे ना," उत्तर आलं, दमलेलं, समजुतीचं. "खाली आता कुणी नाही."